ब्रेक ऑइल बदलायचं तर पावसाळे मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गुहागरजवळच्या गावी वडिलांकडे २०१७ ची छोटी गाडी आहे, पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक. आजवर जेमतेम २६ हजार किलोमीटर झालेत, ब्रेक ऑइल एकदाही बदललेलं नाही. तिथले मेस्त्री म्हणतात, "एवढी कमी चाललेली गाडी, ऑइल कमी झालं की वरून टाका, बाकी हात लावू नका." डिसेंबरात गावी याल तेव्हा अंगणात स्वतः बदलता येईल का, आणि मुळात बदलायची गरज आहे का, असं विचारलंय.

गरज आहे, आणि खरं तर फार आधीच होती. स्वतःही करता येईल, पण चारही चाकांचे निपल (चाकापाशी जुनं ब्रेक ऑइल बाहेर काढायचे छोटे पोकळ स्क्रू) न तुटता सुटले तरच. ते सुटले नाहीत तर पुढचं काही न करता गाडी गॅरेजला न्यायची. मी चिपळूण भागात तीस वर्षं हेच काम करतोय. आपल्याकडे घरी ब्रेकचं काम बिघडतं ते बहुतेक वेळा या निपलपाशीच.

आधी किलोमीटरचा हिशोब डोक्यातून काढून टाका. इंजिन ऑइल गाडी चालते तसं खराब होतं. ब्रेक ऑइल गाडी उभी असली तरी खराब होतं. त्याला आपण ऑइल म्हणतो, पण ते तेल नाही. ग्लायकॉल जातीचं रसायन आहे आणि हवेतलं पाणी ओढून घेणं हा त्याचा स्वभाव आहे. उघड्या बरणीत मीठ जसं पाझरतं तसंच. गाडीत ते बंद असतं खरं, पण बोनेटखाली ब्रेक ऑइलची जी छोटी टाकी असते तिच्या टोपीला हवेसाठी बारीक वाट असते आणि चाकांपाशी जे रबरी होज, म्हणजे नळ्या, असतात त्यांच्यातूनही ओल हळूहळू आत शिरते. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तर टाकीत काय होत असेल ते बघा. म्हणून माझ्या गिऱ्हाइकांना मी एकच सांगतो, पावसाळे मोजा. दोन पावसाळे झाले की ऑइल बदला, गाडी दोन हजार चाललेली असो की चाळीस हजार.

पाणी शिरलं तर बिघडतं काय, हे आकड्यांत सांगतो. नवीन डॉट ३ (डॉट ३, डॉट ४ ही ब्रेक ऑइलच्या प्रतींची नावं) किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळलं की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. सपाट रस्त्यावर १४० अंशसुद्धा पुरतात, म्हणून वडिलांना रोजच्या वापरात काही जाणवत नाही. घाटात मात्र डिस्क याच्या कितीतरी वर तापते.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एक गृहस्थ कऱ्हाडहून कुंभार्ली घाट उतरून आले. पूर्ण घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरले, पायथ्याशी चहाला थांबले. दहा मिनिटांनी गाडी काढली आणि पहिल्याच वळणाला पेडल सरळ जमिनीला टेकलं. हँडब्रेक ओढून गाडी कशीबशी थांबवली. टोइंग करून माझ्याकडे आणेपर्यंत संध्याकाळ झाली, आणि पेडल अगदी ठणठणीत! ते म्हणाले, मला भास झाला की काय. भास नव्हता. गाडी चालत असते तोवर वारा डिस्कला थोडं तरी गार करत असतो. थांबलात की डिस्कची सगळी धग कॅलिपरमध्ये (डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागात) शिरते आणि तिथलं पाणी खाल्लेलं ऑइल उकळतं. वाफ झाली की पेडल दाबलं तरी वाफच दबते, चाकापर्यंत जोर पोचत नाही. सगळं गार झालं की वाफेचं पुन्हा पाणी, आणि पेडल पूर्ववत. त्यांच्या पुढच्या निपलमधून निघालेलं ऑइल काळ्या चहासारखं होतं. वरच्या टाकीत मात्र बरंच स्वच्छ दिसत होतं, कारण कोणीतरी अधूनमधून वरून नवीन टाकत आलं होतं.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, असं झालं तर बहुधा पॅड तापलेत. पेडलच आत जातंय तर ऑइल उकळलंय, नाहीतर गळतंय. आणि टाकीतल्या रंगावरून निदान करू नका. ओल मोजायचे पेन मिळतात, पण तेही टाकीतलंच ऑइल मोजतात आणि खरी घाण खाली चाकापाशी असते.

"कमी झालं की वरून टाका" या सल्ल्याबद्दलही बोलायला हवं, कारण तो सगळीकडे दिला जातो. पॅड झिजतात तसा कॅलिपरचा पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्यामागे ऑइल जातं. त्यामुळे टाकीतली पातळी हळूहळू उतरणं हे पॅड झिजल्याचं लक्षण आहे. पटकन उतरली तर कुठेतरी गळती आहे. दोन्ही वेळा वरून टाकलं की जी गोष्ट पातळी तुम्हाला सांगत होती ती तुम्ही बुजवून टाकता. पातळी उतरलेली दिसली की आधी पॅड बघा, चारही चाकांची आतली बाजू ओली आहे का ते बघा, मगच बाटली उघडा.

आता सामान. टाकीच्या टोपीवर कुठलं ऑइल ते लिहिलेलं असतं. डॉट ३ लिहिलं असेल तर डॉट ४ चालतं. डॉट ४ लिहिलं असेल तर डॉट ३ चालत नाही. नुसतं डॉट ५ चुकूनही घेऊ नका, ते सिलिकॉनचं असतं आणि आपल्या ऑइलमध्ये मिसळत नाही. डॉट ५.१ वेगळं, ते आपल्याच जातीचं आहे. छोट्या गाडीला एक लिटर पुरतं, आणि सीलबंद बाटलीच घ्या. गेल्या वर्षीची अर्धी राहिलेली बाटली फडताळात असेल तर तिने एक पावसाळा पिऊन झालाय, ती वापरायची नाही. बाकी मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणि सलाईनची नळी, निपलच्या मापाचा रिंग पाना (बहुतेक ८ किंवा १० चा लागतो, गाडीखाली जाऊन आधी माप बघून या), गंज सोडवायचा स्प्रे, तारेचा ब्रश, उचललेली गाडी टेकवायला एक मजबूत हॉर्स स्टँड आणि पाण्याची भरलेली बादली.

पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल, स्टिअरिंग ऑइल यांतलं काही ब्रेकच्या टाकीजवळ आणूसुद्धा नका. नरसाळंही नवीन किंवा साबणाने धुऊन खडखडीत वाळवलेलं हवं. माझ्याकडे एक गाडी आली होती, तिच्यात घाईघाईत कोणीतरी स्टिअरिंगचं ऑइल ओतलं होतं, तेही थोडंसंच. टाकीच्या टोपीचं रबर फुगून पापडासारखं वेडंवाकडं झालं होतं. आतलं प्रत्येक रबर तसंच झालेलं. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणारा), दोन्ही कॅलिपरची रबरं, मागचे व्हील सिलिंडर (ड्रमच्या आत ब्रेक दाबणारे), सगळे होज बदलावे लागले. शंभर रुपयांच्या बाटलीच्या चुकीसाठी पूर्ण ब्रेक सिस्टीम.

गाडी कुठे उभी करणार ते आधी ठरवा. शेणाने सारवलेलं अंगण असेल तर जॅक रुतणार, खाली जाड फळी घाला. आणि हात जोडून सांगतो, गाडी चिऱ्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यावर, टेकवू नका. आपल्याकडे प्रत्येक घरामागे चार चिरे पडलेले असतात आणि मोह होतोच. जांभा घर पेलतो कारण त्याच्यावर भार सगळीकडून सारखा येतो. गाडीचा भार एका धारेवर येतो आणि चिरा काही न सांगता फुटतो. चिरा चाकाला उटी (चाक सरकू नये म्हणून अडण) लावायला वापरा, त्याला तो छान. गाडीखाली हॉर्सच हवा. मागचं चाक उचलाल तेव्हा गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून उटी. पुढचं उचलाल तेव्हा हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना उटी.

आता निपल. यालाच सर्वांत जास्त वेळ द्या.

समुद्रापासून चार-पाच किलोमीटरच्या आत ठेवलेल्या गाडीचा निपल कसा दिसतो ते सांगतो. त्याच्यावरची रबरी टोपी बहुधा केव्हाच पडून गेलेली असते. भोकात लाल मातीचा खडा बसलेला असतो. सहा कोनांपैकी दोन-तीन गंजाने गोल झालेले, आणि बुडाशी, जिथे तो कॅलिपरमध्ये शिरतो तिथे, तांबूस पापुद्र्यांची कडा. तो करंगळीएवढासुद्धा नसतो आणि आतून पोकळ असतो, म्हणून जोर लावला की सुटण्याऐवजी तुटतो. तुटला की ड्रिल करून काढणं, नाहीतर कॅलिपर बदलणं, एवढंच उरतं, आणि ते अंगणात होण्यासारखं नाही.

म्हणून काम दोन दिवस आधी सुरू करा. पहिल्या दिवशी संध्याकाळी ब्रशने बुडाशी घासा, भोकातली माती खिळ्याच्या टोकाने काढा, स्प्रे मारून सोडून द्या. दुसऱ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ पुन्हा. तिसऱ्या दिवशी रिंग पाना बसवा; फिक्स पाना किंवा पकड अजिबात नको, कोन मोडतात. पाना बसवून त्याच्या डोक्यावर छोट्या हातोडीने आठ-दहा हलक्या टिचक्या मारा. मग आधी किंचित घट्ट करायच्या दिशेला दाब द्या, अगदी केसभर, आणि मग सोडवायला. सुटताना बारीक "टक्" असा आवाज येतो आणि हाताला कळतं. तसं न होता पाना मऊ-मऊ, पीळ पडल्यासारखा फिरायला लागला तर तिथेच थांबा. तो निपल पिळला जातोय, पुढच्या पाव फेऱ्यात तुटेल. पुन्हा घट्ट करायलाही जाऊ नका. गॅरेजमध्ये धग देऊन तो सुटू शकतो.

आधी चारही निपल असे सोडवून बघा आणि पुन्हा अलगद बंद करा. त्यानंतरच ऑइलला हात लावायचा. तीन चाकांचं बदलून चौथ्याला अडकलात तर काम अर्धवट राहतं आणि सुट्टी संपते.

एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तरी घाबरायचं कारण नाही. साधं ऑइल बदलणं तसंच होतं. फक्त टाकी रिकामी होऊन एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लागतो. बटणाचा, म्हणजे इलेक्ट्रिक हँडब्रेक असलेल्या गाडीला घरी हात लावू नका. काही गाड्यांत क्लचही याच टाकीतून ऑइल घेतो. टाकीला एक जादा बारीक नळी गेलेली दिसेल, तिथेही टाकीची पातळी खाली जाऊ द्यायची नाही.

कोरड्या हवेच्या दिवशी, सकाळचं दव उडून गेल्यावर सुरू करा. डिसेंबर त्यासाठी चांगलाच. टोपीभोवतीची धूळ ओल्या फडक्याने आणि मग कोरड्याने पुसा, टोपी उघडा, सिरिंजने जुनं ऑइल ओढून घ्या. तळाशी थोडं राहू द्या, पूर्ण कोरडं करू नका. लगेच नवीन ऑइल वरच्या रेषेपर्यंत भरा आणि टोपी नुसती वर ठेवा. थेंब रंगावर पडला तर त्याच क्षणी पाणी ओता. पुसत बसलात तर रंगाचा फोड उठतो.

मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या समोर, म्हणजे उजवीकडे असतो, म्हणून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. काही गाड्यांत ब्रेकच्या लाइन तिरप्या जोडलेल्या असतात आणि क्रम वेगळा दिलेला असतो. गाडीच्या पुस्तकात असेल तर तोच पाळा. मागचं चाक काढलंत की दोन नट परत ड्रमवर लावून ठेवा. काही गाड्यांत ड्रम चाकाच्या नटांनीच धरलेला असतो. तो सुटून बाहेर आला आणि कोणी पेडल दाबलं तर व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर उडतात.

पेडलवर घरातलं कोणी तरी शांत माणूस बसवा. तुमचे वडील असतील तर उत्तम, त्यांना या पेडलची सवय आहे. इंजिन बंद. बसायच्या आधी पेडलखाली एक लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे पेडल तळाला टेकणार नाही. याचं कारण असं: इतकी वर्षं मास्टर सिलिंडरचं रबर ठरावीक अंतरच घासत आलंय. त्याच्या पुढच्या भागात ओलीमुळे बारीक गंज धरलेला असतो. पेडल तळापर्यंत दाबलंत की रबर त्या खरबरीत भागावर जातं आणि फाटतं. ऑइल बदललं आणि दुसऱ्या आठवड्यात मास्टर गेला, अशी तक्रार घेऊन येणारे बहुतेक लोक याच चुकीने येतात.

निपलवर नळी, नळीचं दुसरं टोक एका पारदर्शक बाटलीत, बाटलीत दोन बोटं नवीन ऑइल, आणि टोक त्यात बुडालेलं. मग तीनच शब्द बोलायचे, बाकी गप्पा नकोत. "दाब" म्हटलं की त्यांनी सावकाश दाबून धरायचं. तुम्ही निपल पाव ते अर्धा फेरा उघडायचा, ऑइल नळीतून येईल, पेडल खाली जाईल. प्रवाह मंदावला की निपल बंद करायचा आणि मगच "सोड" म्हणायचं. तिसरा शब्द त्यांचा: पेडल पूर्ण वर आलं की त्यांनी "आलं" म्हणायचं. निपल उघडा असताना पाय उचलला गेला तर हवा आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून.

दर पाच-सहा दाबांनंतर उठून टाकी बघा. कंटाळा आला तरी उठा. टाकी तळाला गेली आणि हवा शिरली तर तासाचं काम दिवसाचं होतं, आणि एबीएसवाल्या गाडीत गॅरेजचं होतं.

पहिल्या चाकाला सर्वांत जास्त ऑइल जातं, पाव लिटरभर तरी. नळीत आधी काळपट, मग तपकिरी, मध्येच एखादा बारीक काळा कण, आणि मग एकदम फिक्कट मधासारखा रंग दिसायला लागतो. तो दिसला की आणखी चार दाब द्या आणि पुढच्या चाकाकडे जा. तुमच्या गाडीत मागच्या दोन चाकांतून गंजाच्या रंगाचा गाळ निघाला तर नवल नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणात बुडालेल्या गाड्यांची ऑइल काढली तेव्हा नळीतून अक्षरशः माती आली होती. तुमच्याकडे तसं काही दिसलं, किंवा गाडी कधी चाकांच्या वर पाण्यात उभी राहिली असेल, तर नुसतं ऑइल बदलून भागवू नका, व्हील सिलिंडर उघडून बघायला लावा.

निपल बंद करताना बेताचा जोर द्या. आखूड पान्याने मनगटाचा जोर पुरे. त्यावर नवीन रबरी टोपी बसवा, स्पेअर पार्टच्या दुकानात ती अगदी स्वस्तात मिळते आणि पुढच्या वेळचे दोन दिवस वाचवते. कॅलिपर आणि बॅकप्लेट (ड्रममागची पत्र्याची तबकडी) पाण्याने धुऊन काढा. टाकी वरच्या रेषेपर्यंतच भरा.

आता इंजिन बंद ठेवून पेडल दाबा. ते कडक लागलं पाहिजे आणि एक मिनिट दाबून धरलं तरी खाली सरकता कामा नये. मग पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली जाईल, तो पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरचा परिणाम आहे, काळजी नको. स्पंजासारखं लागत असेल तर हवा राहिली आहे, पुन्हा चारही चाकं करा. हळूहळू खाली सरकत असेल तर गळती किंवा मास्टर. गाडी अंगणाबाहेर काढायची नाही.

जुनं ऑइल वेगळ्या डब्यात घालून गॅरेजला द्या. इंजिन ऑइलमध्ये मिसळू नका, पोफळीच्या बुडाशी किंवा विहिरीच्या बाजूला तर ओतूच नका. शीतपेयाच्या बाटलीत भरून पडवीत ठेवू नका, घरात मुलं असतात.

वडिलांना दोन गोष्टी सांगा. पावसाळ्यात गाडी आठ-आठ दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागचे शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे भाग) ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवून उटी लावा. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. बोनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर तारीख लिहून ठेवा, म्हणजे दोन पावसाळ्यांनी कोणाला विचारावं लागणार नाही.

काम झाल्यावर त्याच दिवशी गाडी रस्त्यावर नेऊ नका. अंगणात दहा-वीस वेळा चालत्या वेगाने ब्रेक लावून बघा, आणि रात्री प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला जमिनीवर जुन्या वर्तमानपत्राचं एकेक पान पसरून ठेवा. सकाळी उठून चारही पानं बघा, टाकीची पातळी बघा, पेडल एकदा दाबून बघा. पानं कोरडी असली, पातळी रेषेवर असली आणि पेडल कालच्यासारखंच कडक असलं, तर किल्ली वडिलांच्या हातात द्या.